पिशवीवरची मुलगी

अकरा वर्षांत जिल्बेर्तो तिसऱ्या मजल्यावर एकदाही चढला नव्हता, आणि या आठवड्यात तो तीनदा चढला. इदालिनानं मोजलं होतं. त्यासाठी वर बघायचीही गरज नव्हती. त्या लाकडी घराचा जिना इतका चुगलखोर होता की कोण चढतंय आणि कुठल्या घाईनं, हे तो खालच्या स्वयंपाकघरात आणून पोचवायचा. सोमवारी तिचा हा धाकटा दीर रिकाम्या हातानं गेला. बुधवारी बदामाच्या मिठाईचा खोका घेऊन गेला आणि तो खोका घेऊनच उतरला. शुक्रवारी काखेत कागदांचं पाकीट होतं.

तिसऱ्या मजल्यावर तिया, म्हणजे आत्या, ओडेट राहायची, इदालिनाच्या दिवंगत सासऱ्यांची, ज्यासिन्तोची, धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी एका लग्न झालेल्या अकॉर्डियनवाल्याबरोबर कॅलिफोर्नियाला गेली आणि सहा वर्षांनी एकटी परत आली. भावानं डोक्यावर छप्पर दिलं, पण जेवणाच्या टेबलाशी खुर्ची दिली नाही. खुर्च्या ओलिंडाच्या ताब्यात होत्या. ओलिंडा म्हणजे इदालिनाची सासू, घरादाराची आणि निम्म्या कोलंबिया स्ट्रीटची माय. नणंद-भावजय रविवारी चर्चच्या पायरीवर एकमेकींना मान लववत, आणि तेवढ्यावर पुढचे सहा दिवस भागवत. इदालिना मात्र रोज सकाळी एक ताजा पाव वर ठेवून यायची. त्यावर माय काही बोलायची नाही, पण पाव मोजायची.

अशा बाईला जिल्बेर्तो मिठाई घेऊन जातो? पाणी कुठंतरी मुरत होतं.

नोर्बेर्तोला, म्हणजे इदालिनाच्या नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याचा वाटा तिच्या नावावर आला, तेव्हापासून घरच्या बेकरीत तीन भागीदार होते: माय, जिल्बेर्तो आणि ती. मार्चमध्ये ईस्ट प्रॉव्हिडन्सहून सिल्व्हिनो रेझेंदेच्या वकिलाचं पत्र आलं. रेझेंदेंचीही बेकरी होती. ‘मेनिना’ हे नाव आमचं, माझ्या वडिलांनी सदुसष्ट सालापासून त्या नावानं गोड पाव विकलाय, तेव्हा तुम्ही ते वापरणं बंद करा, असं त्यात होतं. मेनिना म्हणजे मुलगी, आणि बोतेल्यो बेकरीच्या प्रत्येक पिशवीवर ती होती, बारा-तेरा वर्षांची, पांढऱ्या झग्यातली, डोक्यावर मुकुट घेतलेली. जिल्बेर्तो म्हणाला, आपणच आधी नोंदणी करून टाकू, वकील मी बघतो. बघितली. पण काय ठरलं, काय लिहिलं, विचारलं की म्हणायचा, “इदा, तू पीठ बघ. कागद मी बघतो.”

एवढं ऐकल्यावर कुठल्या बाईचं लक्ष पिठात राहील?

आणि नेमका हा आठवडा मुकुटाचा. पोर्तुगालच्या बेटावरून अमेरिकेत, फॉल रिव्हरला आलेल्या या लोकांची रीत अशी, की ईस्टरनंतरचे सात आठवडे पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट एकेका घरी मुक्कामाला जातो आणि शेवटी उत्सवाच्या मिरवणुकीत एका मुलीच्या डोक्यावर चढतो. यंदा एकोणीस वर्षांनी चिठ्ठी बोतेल्योंची निघाली होती. पुढच्या खोलीत पांढऱ्या चादरी लावल्या होत्या, कागदी फुलं, मेणबत्त्या, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर मुकुट. नियम दोनच. मुकुटाला एकटं सोडायचं नाही, आणि मुकुट घरात असेतो दार कुणालाही बंद करायचं नाही. त्यामुळे माय घर सोडून हलणार नव्हती, आणि म्हणूनच शनिवारी दुपारी दोन वाजता वकीलबाई घरी आल्या.

थेरेज गॅन्यों त्यांचं नाव. त्यांच्या आजीनं याच गावच्या गिरणीत सूत काढलं होतं, त्यामुळे खुर्चीवर बसण्याआधी त्या खुर्ची निरखत बसल्या नाहीत. पाव समोर आला तसा खाल्ला आणि लॅपटॉप उघडला.

“मालक म्हणून कुणाचं नाव घातलंय?” इदालिनानं विचारलं. कॉफी ओतायच्या आधीच.

जिल्बेर्तो हसला. “बघा, मी म्हटलं नव्हतं? आमच्या घरात पोलिसखातं आहे.”

वकीलबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. बोतेल्यो बेकरी, भागीदार तीन, तिघांच्या सह्या आवश्यक. इदालिनानं दोनदा वाचलं. तिची निम्मी शंका फिटली, आणि उरलेली निम्मी दुप्पट झाली. चोराला तिजोरी नकोच होती म्हटल्यावर तो मागच्या दाराशी काय करत होता?

“सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तारीख,” वकीलबाई म्हणाल्या. “या कामात नोंदणी आधी कुणी केली यापेक्षा बाजारात नाव आधी कुणी वापरलं ते मोठं. रेझेंदे सदुसष्ट म्हणतायत. तुमच्याकडे काय आहे?”

जिल्बेर्तोनं प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक पिवळी पडलेली कागदी पिशवी काढली, एखाद्या संताचं हाड काढावं तशी. पुढं मुलगी आणि खाली मेनिना. मागं जांभळा शिक्का: पवित्र आत्म्याचा उत्सव, १९६५, बोतेल्यो बेकरीकडून सप्रेम.

“पासष्ट!” वकीलबाईंचा चेहरा उजळला. “दोन वर्षांनी आपण थोरले. हे सोन्यासारखं आहे, जपून ठेवा. आणि ही मुलगी कुणी खरीखुरी आहे, की चित्रकाराच्या मनातली?”

“मी,” माय म्हणाली. इतकी वर्षं म्हणत आली होती, तशीच सहज.

“छान. मग तुमची लेखी संमती लागेल. जिवंत माणसाचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय नोंदवता येत नाही. आणि हे सगळं शपथेवर आहे हं. जाणूनबुजून खोटं लिहिलं, आणि रेझेंदेंच्या वकिलानं ते शोधून काढलं, तर अख्खी नोंदणी रद्द होऊ शकते. नाव हातचं जाईल.”

मायला इंग्रजी दुकानापुरतं यायचं. वकिली इंग्रजी आलं की ती मुलाकडे बघायची.

“त्या म्हणतायत चित्र सुंदर आहे,” जिल्बेर्तोनं पोर्तुगीजमध्ये सांगितलं. “तुझी एक सही लागेल.”

“आणि शपथेचं कोण सांगणार?” इदालिना म्हणाली. “नाव जाईल म्हणाल्या, ते?”

“सांगत होतो ना.”

“कधी? बारशाला?”

मायनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. वकीलबाई टाइप करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “तुम्ही फॉल रिव्हरला कधी आलात, मिसेस बोतेल्यो? नुसतं माहितीसाठी.”

“एकोणीसशे अडुसष्ट, सहा नोव्हेंबर,” माय इंग्रजीत म्हणाली. लोक आपली जन्मतारीख सांगतात तशी ती ही तारीख सांगायची.

टाइप करणं थांबलं.

पासष्टची पिशवी आणि अडुसष्टचं विमान. दोन्ही तारखा इदालिनाला तोंडपाठ होत्या. एक बेकरीच्या पाटीवर होती, दुसरी दर नोव्हेंबरात केक कापताना यायची. तीस वर्षं दोघी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या, पण त्यांची कधी ओळख झाली नव्हती.

“फोटो पत्रातून आला होता,” माय म्हणाली. “ज्यासिन्तोनं मागवला होता. लग्नाआधी.”

“बघा, पत्रातून,” जिल्बेर्तो लगेच म्हणाला. जरा जास्तच लगेच.

तेवढ्यात जिना बोलू लागला. पावलं एक एक पायरी उतरत होती, मध्ये दम खात. तिया ओडेट काळ्या झग्यात दारात उभी राहिली. तिनं मुकुटासमोर क्रूसाची खूण केली आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसली.

“तुला कुणी बोलावलं?” मायनं विचारलं.

“मुकुटानं. दार बंद करायचं असेल तर कर, ओलिंडा. मी उठते.”

मायनं ओठ आवळले. चिठ्ठी निघाली त्या दिवशी तिनंच अंगणात उभं राहून साऱ्या गल्लीला सांगितलं होतं, या, सगळे या.

“जिल्बेर्तो,” ओडेट म्हणाली, “तुझा कागद वर राहिला होता.” आणि तिनं एक घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

जिल्बेर्तोचा हात पुढं आला, पण इदालिनाचा आधी पोचला. पहाटेपासून कणीक तिंबणारे हात चपळ असतात. कागद इंग्रजीत होता, छोटासा. चित्रातली व्यक्ती मी आहे, आणि या चिन्हाच्या नोंदणीला माझी संमती आहे. खाली नाव छापलेलं: ओडेट बोतेल्यो. सहीची जागा कोरी.

तिनं तो पोर्तुगीजमध्ये मोठ्यानं वाचला. काही गाळलं नाही.

मायनं मुलाकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. रागावलेली माय बरी असते.

“तुला माहीत होतं?”

“पापानं सांगितलं होतं. शेवटी, दवाखान्यात.”

“आणि तू मला वकिलासमोर खोटं बोलू दिलंस?”

“माय, तुलाच त्रास नको म्हणून! तू तुझ्या कागदावर सही करायचीस, तिया तिच्या. मी योग्य तोच पुढं दिला असता. कुणाला कळलंही नसतं.”

“मला कळलं असतं,” ओडेट म्हणाली. “म्हणून तर सांगितलं याला, जिन्यावर सह्या करायला मी काय घरमालकाची भाडेकरू आहे? खाली येईन आणि ओलिंडासमोर करीन. तर हा मिठाई घेऊन परत गेला.”

वकीलबाईंना शब्द कळत नव्हते, पण कुटुंब कळत होतं. त्यांनी घसा साफ केला. “एक सांगते. एका चेहऱ्याच्या दोन संमती मला जोडता येत नाहीत.”

“हे कारस्थान आहे,” माय म्हणाली, आणि तिचं बोट इदालिनाकडे वळलं. “तुझं आणि हिचं. रोज पाव घेऊन वर जातेस. पाव द्यायला वीस मिनिटं लागतात?”

“त्यांचे गुडघे दुखतात, माय. मी कचरा खाली आणते.”

“नोर्बेर्तो असता तर तुझी हिंमत झाली नसती.”

हे लागलं. इदालिनाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण ओडेट उठली होती. तिनं पिवळी पिशवी उचलली, मुकुटापाशी गेली आणि ती त्याच्या शेजारी धरली. मुकुटाच्या माथ्यावर चांदीचं कबुतर होतं, आणि त्याचा डावा पंख खाली वाकला होता. अठ्ठावन्नच्या मिरवणुकीत मुकुट दगडी पायरीवर आपटला, तेव्हाचं ते. सोनारानं हात लावायला नकार दिला, म्हणून पंख तसाच राहिला. ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. रंगाऱ्यानं इमानेइतबारे तो वाकडा पंखसुद्धा रंगवला होता. इदालिनानं ही पिशवी लाखो वेळा उघडली असेल. पंखाकडे कधी पाहिलं नव्हतं.

“बेटावरच्या तुझ्या गावच्या मुकुटाचाही पंख वाकडा होता का, ओलिंडा?”

वकीलबाईही उठून आल्या, त्यांनी चष्मा लावून कबुतर बघितलं, मग पिशवी, आणि परत जाऊन बसल्या.

जिल्बेर्तो कपाळ चोळत होता. “बरं. मुलगी काढून टाकू. नुसतं नाव नोंदवू. मिसेस गॅन्यों, नुसत्या नावाला कुणाची संमती लागते का?”

“नाही. नावाला नाही. पण मग चेहऱ्याला संरक्षण नाही. उद्या रेझेंदेंनी मुकुटवाली मुलगी छापली, तर मला फार काही करता येणार नाही.”

“काढा,” माय म्हणाली.

“काढा की,” ओडेट म्हणाली. “भिंतीवरच्या फोटोंतून मला कधीच काढलंत. पिशवी तेवढी राहिली होती.”

किती पटकन जमलं तिघांचं. ज्यांनी पन्नास वर्षं एका टेबलाशी सूप घेतलं नाही, त्या दोघी एका मुलीला पुसायला एका शब्दात तयार झाल्या. इदालिनाला कळेना, तिला राग नक्की कशाचा आला. पण आला.

“मी सही करणार नाही.”

“काय?” जिल्बेर्तो वळला.

“तिघांच्या सह्या लागतात ना? मुलगी काढलेल्या अर्जावर माझी मिळणार नाही.”

“तुला काय कबूल केलंय तियानं? वरचा मजला?”

“तू गाडी घेऊन दुकानादुकानांत जातोस, जिल्बेर्तो, तुझ्याशी मॅनेजर बोलतात. गल्ल्यावर मी असते. बेटावरनं आलेल्या म्हाताऱ्या येतात, निम्म्यांना अक्षर येत नाही. त्या मेनिना वाचत नाहीत, बोट दाखवतात. मुलीचा पाव दे म्हणतात. आता त्यांच्या नाती येतात, त्यांना पोर्तुगीज येत नाही, त्याही बोटच दाखवतात. तू नाव वाचवशील आणि बोट कुठं दाखवायचं ते घालवशील. मग आपल्यात आणि सिल्व्हिनोच्यात फरक काय राहिला? पाव त्याचाही वाईट नाही. मी खाऊन बघितलाय.”

“तू त्याचा पाव आणलास?” मायला याचाच धक्का जास्त बसला.

“शत्रूचं खाऊन बघावं, माय. तुम्हीच शिकवलंत.”

मेणबत्तीची वात तडतडली. माय उठली, तिनं काजळी चिमटीनं काढली आणि पाठमोरी उभी राहूनच बोलू लागली. सवयीनं तिचा आवाज दुकानातला होता, शेवटच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा.

“ही पळाली त्या वर्षी फादर स्वतः दुकानात आले. म्हणाले, असल्या मुलीचं तोंड पावावर नको. ज्यासिन्तोनं पिशव्या मागच्या अंगणात काढल्या. सगळ्या. काडी ओढायची बाकी होती. दोन दिवस जेवला नव्हता तो. मी म्हटलं, जाळू नकोस. लोकांना सांग, मी आहे. मला इथं कोण ओळखतंय? मी आले तेव्हा गिऱ्हाइकं विचारायचीच, तू का गं ती? म्हटलं, सांगून टाक हो.”

ओडेटचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथंच राहिला.

“हे मला कुणी सांगितलं नाही.”

“तू होतीस कुठं सांगायला?”

“परत आल्यावर?”

“परत आल्यावर,” माय म्हणाली, आणि इथं तिचा आवाज पहिल्यांदा टेबलापुरता झाला, “मला सवय झाली होती.”

खरं बोलणारं माणूस नेहमी चांगलं दिसतं असं नाही. माय त्या क्षणी म्हातारी आणि थोडी लबाड दिसत होती. इदालिनाला तरीही शंका आलीच, हे सगळं खरं, की मुकुटासमोर शोभेल असं रचलेलं? ज्यासिन्तो मातीत, फादर मातीत. साक्षीदार कोण? पण ओडेट काही विचारत नव्हती. ती नुसती भावजयीकडे बघत होती, जुन्या पत्त्यावर उशिरा पोचलेलं पत्र उलटंपालटं करून बघावं तशी.

माय वकीलबाईंकडे वळली आणि तिच्या दुकानी इंग्रजीत म्हणाली, “मिसेस, त्या जागी माझं नाव नको. पासष्टच लिहा. मी अडुसष्टला आले.”

जिल्बेर्तोनं घाईघाईनं कागद ओडेटपुढं सरकवला आणि पेन उघडून दिलं.

“तू नको,” ओडेट म्हणाली. “इदा, पुन्हा वाच. हळू.”

इदालिनानं वाचलं.

“मला नंतर नको वाटलं, तर परत घेता येतं का?”

वकीलबाईंनी खरं ते सांगितलं. “असा कागद झाला की सहजी नाही. विचार करा. मी सोमवारीही येऊ शकते.”

“सोमवारी मुकुट दुसऱ्याच्या घरी असेल,” ओडेट म्हणाली. तिनं बराच वेळ विचार केला. जिल्बेर्तोची टाच जमिनीवर थापा मारत होती. मायनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून ती थांबवली, तो सात वर्षांचा असल्यासारखी. मग ओडेटनं सही केली, शाळेत शिकवलेल्या गोल अक्षरांत, नाव आणि आडनाव दोन्ही. अर्जावर तिघांच्या झाल्या. वकीलबाईंनी जुन्या पिशवीचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. “रेझेंदे भांडतील,” दारात त्या म्हणाल्या. “वर्षभर तरी जाईल. पण आता भांडायला आपल्याकडे काहीतरी आहे.” एक पाव काखेत मारून त्या गेल्या.

घरात चौघंच उरली, आणि चौघांनाही एकमेकांकडे बघायचं नव्हतं. जिल्बेर्तो गाडी हलवायचं निमित्त काढून बाहेर पडला. इदालिना शेगडीवरच्या सुपात पुदिना घालायला गेली. तिच्या मनात होतं, कागदावर झालं ते कागदावर राहील. वॉशिंग्टनातल्या कुठल्या तरी कारकुनाला कळेल पिशवीवर कोण आहे, आणि कोलंबिया स्ट्रीटला कधीच नाही. माय ते बरोबर जमवील. ओडेट अजून त्याच खुर्चीत होती, उठावं की बसावं हे न ठरल्यासारखी.

साडेचारला जपमाळेसाठी पहिली शेजारीण आली, दोना झुल्मिरा, नेहमीसारखी अर्धा तास आधी, चांगली खुर्ची मिळावी म्हणून. तिनं मुकुटाच्या रिबिनीचं चुंबन घेतलं, ओडेटला बघून भुवया उंचावल्या, तिच्या शेजारीच टेकली, आणि टेबलावरची पिवळी पिशवी तिला दिसली.

“अगंबाई! ही कुठली काढलीस?” तिनं पिशवी डोळ्यांजवळ नेली. “काय देखणी होतीस गं, ओलिंडा.”

स्वयंपाकघराच्या दारात इदालिनाच्या हातातला डाव थांबला.

माय जपमाळेचा गुंता सोडवत होती. एक मणी सुटला, दुसरा सुटला.

“मी कुठली?” ती म्हणाली. “मी तेव्हा बेटावर गाई राखत होते.”

“मग ही कोण?”

“तुझ्या शेजारी बसलीय, तिला विचार.”

दोना झुल्मिरानं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, आणि गेली कित्येक वर्षं जिला ती चर्चच्या पायरीवर ओलांडून जात आली होती, त्या बाईच्या तोंडाकडे नीट वळून पाहिलं.